बेसबॉलचे स्मरणरंजन : आठवलेला खेळ आणि वगळलेला खेळ

मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ हा शब्द बहुधा किंचित हेटाळणीच्या सुरात येतो. गतकाळात रमणारे लेखन वर्तमानाकडे पाठ फिरवते असे गृहीत धरले जाते आणि विषय तिथेच संपतो. आमच्या मते तो तिथे संपू नये. माणसे गतकाळातले नेमके काय आठवतात, काय विसरतात आणि त्या विसरण्याचा लाभ कोणाला होतो, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. त्यांचा विचार करण्यासाठी अमेरिकेतील बेसबॉलइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. या खेळाच्या सामन्यांची तपशीलवार आकडेवारी एकोणिसाव्या शतकापासून जपली गेली आहे. आणि ‘खेळ आता पूर्वीसारखा राहिला नाही’ ही तक्रारही जवळपास तितकीच जुनी आहे. नोंद आणि आठवण ही दोन्ही साधने येथे शेजारी ठेवून तपासता येतात.

मुरलेल्या चाहत्याची आजची तक्रार प्रथम ऐकू. पूर्वी खेळाडू एका संघाशी निष्ठावंत असत, आता ते पैशामागे जातात. पूर्वी धावा डोक्याने मिळवल्या जात, आता प्रत्येक फलंदाजाला चेंडू मैदानाबाहेरच भिरकवायचा असतो. ही तक्रार निराधार नाही. २०१८ च्या मोसमात, अव्वल स्पर्धांच्या इतिहासात प्रथमच, फलंदाजांनी यशस्वीपणे मारलेल्या चेंडूंपेक्षा तीन ‘स्ट्राइक’ होऊन बाद होण्याचे प्रसंग अधिक भरले. संगणकीय विश्लेषणाने संघांना पटवून दिले होते की अधिक वेळा हुकून अधिक होम रन मिळाले तर तो सौदा फायद्याचा असतो. गणित बरोबर होते; पाहणाऱ्याचा आनंद मात्र त्या गणितात धरलेला नव्हता.

परंतु हीच तक्रार याआधी कोणी केली होती? १९०५ ते १९२८ या काळात खेळलेल्या टाय कॉब या थोर फलंदाजाने १९५२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात एक लेख लिहिला. आताचे लोक खरा बेसबॉल खेळतच नाहीत, सगळे होम रनच्या मागे लागले आहेत, चातुर्य लोपले आहे, असा त्याचा आशय. जुन्या खेळाडूंच्या पंगतीला बसवता येतील असे दोनच समकालीन त्याला दिसले : स्टॅन म्युझियल आणि फिल रिझुटो. वाचकाने १९५२ हे साल लक्षात ठेवावे. टेड विल्यम्स, जॅकी रॉबिन्सन, तरुण विली मेझ आणि मिकी मँटल यांचा हा काळ. पुढच्या पिढ्यांनी ज्याला सुवर्णयुग म्हटले, त्याच्या मध्यावर उभा राहून कॉब त्याचे मृत्युलेख लिहीत होता. कॉबच्या दृष्टीने ऱ्हास सुरू झाला तो १९२० च्या सुमारास. त्या वर्षी थुंकी लावून चेंडू टाकण्यावर बंदी आली. मळलेला चेंडू डोक्यावर आदळून रे चॅपमन हा खेळाडू दगावला, त्यानंतर सामन्यात वारंवार स्वच्छ चेंडू आणले जाऊ लागले. आणि बेब रूथने एका मोसमात ५४ होम रन मारले. आज रूथ हाच जुन्या बेसबॉलचा देव मानला जातो. एका पिढीचा ऱ्हास दुसऱ्या पिढीचे दैवत होतो, तो असा.

खेळाच्या जन्मकथेतही स्मरणरंजनाने इतिहासावर मात केली. क्रीडासाहित्याचा व्यापारी आणि एके काळचा नामवंत खेळाडू आल्बर्ट स्पॉल्डिंग याच्या पुढाकाराने १९०५ मध्ये एक आयोग नेमला गेला. इंग्लंडमधील एका जुन्या मुलांच्या खेळातून बेसबॉल निघाला, हे मत खोडून काढून तो अस्सल अमेरिकन ठरवायचा होता. १९०७ च्या अखेरीस आयोगाने निष्कर्ष दिला की, अ‍ॅब्नर डबलडे यांनी १८३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या खेड्यात हा खेळ निर्माण केला. आधार काय, तर एका वृद्धाने जवळजवळ सात दशकांनंतर सांगितलेली बालपणीची आठवण. प्रत्यक्षात डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या सैनिकी संस्थेत शिकत होते, आणि पुढे यादवी युद्धातले सेनाधिकारी म्हणून नाव मिळवल्यावरही बेसबॉलच्या जनकत्वाचा दावा त्यांनी कधी केला नाही. तरीही १९३९ मध्ये खेळाचे ‘हॉल ऑफ फेम’ हे स्मारक-संग्रहालय कूपर्सटाउनलाच उघडले. न्यूयॉर्क शहरातील एका क्लबने १८४५ मध्ये नियम लिहून काढले, ही कागदोपत्री सिद्ध होणारी हकीकत चाहत्यांच्या मनात तितकीशी रुजली नाही. गर्दीच्या शहरात कारकून आणि व्यापारी यांनी घडवलेला खेळ खेड्यातल्या कुरणावर जन्मल्याचे मानणे अधिक सुखाचे होते.

येथवर वाचून स्मरणरंजन म्हणजे निव्वळ भ्रम, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा ठरेल. काही वियोग खरे असतात. ब्रुकलिन डॉजर्स या संघाचे स्थलांतर हा तसा वियोग होता. १९१३ मध्ये उघडलेले एबेट्स फील्ड हे मैदान वस्तीच्या मधोमध होते. याच संघाने १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सनला खेळवून गोऱ्यांच्या स्पर्धेतील वर्णबंदी मोडली. १९५५ मध्ये त्याने आपले पहिले जागतिक अजिंक्यपद जिंकले. आणि दोन वर्षांनी मालक वॉल्टर ओमॅली संघ घेऊन लॉस एंजेलिसला गेला. १९६० मध्ये मैदान पाडायला आणलेला लोखंडी गोळा बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगवला होता. त्या जागी रहिवासी इमारती उभ्या राहिल्या.

नोंदवहीत आणखी एक आकडा आहे. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर डॉजर्सचा अखेरचा सामना झाला, तेव्हा सुमारे बत्तीस हजारांच्या मैदानात ६,७०२ प्रेक्षक होते. ज्यांनी पुढे आयुष्यभर शोक केला, त्यांतील बहुसंख्य त्या संध्याकाळी तेथे नव्हते. कित्येक गोरी मध्यमवर्गीय कुटुंबे तोवर लाँग आयलंडच्या उपनगरांत राहायला गेली होती. मोटार उभी करायला मैदानाजवळ जागा नव्हती, आणि सामने घरबसल्या दूरचित्रवाणीवर दिसत होते. संघाने ब्रुकलिन सोडले, तसे ब्रुकलिनकरांनीही आधीच थोडे थोडे सोडले होते. शोक खोटा नव्हता. पण त्यात स्वतःच्या जाण्याची बोच मिसळलेली असावी, असे आम्हांस वाटते.

या संघावर रॉजर कान यांनी १९७२ मध्ये लिहिलेले ‘द बॉइज ऑफ समर’ हे पुस्तक म्हणूनच महत्त्वाचे. तरुणपणी वृत्तपत्रासाठी ज्यांचे सामने वार्तांकित केले, त्या खेळाडूंना कान वयाच्या चाळिशीत पुन्हा शोधत गेले. त्यांना भेटली ती आयुष्याने वाकवलेली माणसे : अपघातानंतर चाकाच्या खुर्चीला खिळलेला रॉय कॅम्पानेला, तरुण मुलगा गमावलेला रॉबिन्सन. स्मरणरंजनाचे पुस्तक म्हणून विकले गेलेले हे लेखन गतकाळाला वर्तमानासमोर उभे करून त्याची उलटतपासणी करते. १९६६ मध्ये लॉरेन्स रिटर यांनीही ध्वनिमुद्रक घेऊन देशभर हिंडत वृद्ध खेळाडूंच्या तोंडून त्यांच्या काळाची कहाणी ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’मध्ये संकलित केली होती. हे गृहस्थ पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. मौखिक इतिहास शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक आवर्जून पाहावे.

आता निष्ठेच्या तक्रारीकडे वळू. पूर्वी खेळाडू एकाच संघात आयुष्य काढत, कारण करारातील एका कलमाने त्यांना दुसरा मार्गच ठेवला नव्हता. १८७९ पासून रूढ होत गेलेल्या या कलमामुळे करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क मालकाकडेच राही. मालक त्याला विकू शके, खेळाडू मात्र स्वतःहून जाऊ शकत नसे. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूची न विचारता फिलाडेल्फियाला अदलाबदल झाली, तेव्हा त्याने खेळाच्या आयुक्तांना पत्र लिहून, आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही असे कळवले. तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल त्याच्या विरोधात दिला. त्याची कारकीर्द तोवर संपली होती. १९७५ च्या डिसेंबरमध्ये एका लवादाच्या निर्णयाने ते कलम दुसऱ्या दोन खेळाडूंच्या प्रकरणात निष्प्रभ झाले. चाहत्याच्या आठवणीत जी निष्ठा आहे, ती खेळाडूच्या बाजूने पाहता बंधन होती. दोन्ही अनुभव एकाच घटनेचे आहेत. फरक केवळ कोण कोठे उभा आहे याचा.

हा ‘कोण कोठे उभा आहे’ हा प्रश्न १९८९ च्या ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’ या चित्रपटात फार ठळक होतो. डब्ल्यू. पी. किन्सेला यांच्या १९८२ च्या ‘शूलेस जो’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. आयोवातला एक शेतकरी मक्याचे पीक कापून मैदान करतो आणि दिवंगत खेळाडू तेथे अवतरतात. कादंबरीत त्याच्यासोबत येणारा लेखक जे. डी. सॅलिंजर आहे, चित्रपटात त्या जागी एक काल्पनिक कृष्णवर्णीय लेखक आला. बेसबॉल हीच या देशातली एकमेव अविचल गोष्ट, असे प्रसिद्ध भाषण याच लेखकाच्या तोंडी आहे. मक्यातून बाहेर येणारे खेळाडू मात्र सारे गोरे. ज्या गतकाळाची तो स्तुती करतो, त्या काळाने त्याला मैदानात पाऊल टाकू दिले नसते. पटकथेला या विसंगतीचा पत्ताच नाही. स्मरणरंजन कसे वगळते, याचा याहून चांगला पाठ वर्गात शिकवायला मिळणार नाही. गावाच्या आठवणी गावकुसाबाहेरून कशा दिसतात, हे दलित आत्मकथनांनी दाखवून दिल्यानंतर मराठी वाचकाला हा मुद्दा अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

वगळलेल्यांचाही एक संपूर्ण खेळ होता. १९२० मध्ये रूब फॉस्टर यांनी कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. १९३३ पासून शिकागोत होणारा त्यांचा वार्षिक तारांकित सामना हा कृष्णवर्णीय समाजाचा मोठा सोहळा असे. रॉबिन्सनच्या प्रवेशानंतर न्यायाची ही घटना या संघांच्या मुळावर आली. नुअर्क ईगल्सच्या मालकीणबाई एफा मॅन्ली यांच्या संघाने १९४६ मध्ये निग्रो लीगचे अजिंक्यपद मिळवले. त्यांच्याकडचा डॉन न्यूकम डॉजर्सने काहीही मोबदला न देता नेला. प्रेक्षकही रॉबिन्सनच्या मागे गेले. १९४८ मध्ये बाईंनी संघ विकला आणि त्याच मोसमानंतर लीगही बंद पडली. वर्णबंदी मोडलीच पाहिजे होती. तरी ती ज्या रीतीने मोडली गेली, तीत कृष्णवर्णीयांच्या मालकीची एक संस्था विनामोबदला बुडाली. ब्रुकलिनच्या शोकावर जितके लेखन झाले, त्याच्या मानाने नुअर्कचा शोक फारच थोडा लिहिला गेला. २००६ मध्ये मॅन्लीबाईंची हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली, तेव्हा त्यांच्या निधनाला पंचवीस वर्षे झाली होती.

अलीकडे मात्र नोंदवहीच बदलली आहे. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधील सात निग्रो लीग अव्वल दर्जाच्या मानल्या गेल्या, आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत विक्रमांत मिळवली गेली. परिणामी कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मान टाय कॉबच्या ०.३६७ वरून जॉश गिब्सनच्या ०.३७२ कडे आला. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत, रॉबिन्सनच्या पदार्पणापूर्वी तीन महिने, पस्तिसाव्या वर्षी वारला होता. लीगचे मोसम लहान असत, म्हणून ही तुलना न्याय्य नाही, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप गणिताचा म्हणून विचारार्ह आहे. पण मोसम लहान का होते, आणि कॉबला गिब्सनच्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्यांशी कधीच का झुंजावे लागले नाही, हे प्रश्नही त्याच गणिताचा भाग आहेत.

त्याच वर्षी २० जून रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे, १९१० मध्ये बांधलेल्या रिकवुड फील्डवर निग्रो लीगच्या सन्मानार्थ सामना झाला. याच मैदानावर १९४८ मध्ये कोवळा विली मेझ खेळला होता. सामन्याच्या दोनच दिवस आधी तो वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी निवर्तला. वातावरण गहिवरलेले होते. दूरचित्रवाणीच्या थेट प्रक्षेपणात रेजी जॅक्सन यांना तेथे परतल्यावर काय वाटते असे विचारले गेले. १९६७ मध्ये ते या गावात खेळले होते. त्यांनी सुखद आठवणी सांगितल्या नाहीत. उपाहारगृहांतून आणि हॉटेलांतून कसे हाकलले जाई, हे सांगून, असा अनुभव कोणाच्याही वाट्याला येऊ नये, असे ते म्हणाले. ज्या गोऱ्या सहकाऱ्यांनी आणि प्रशिक्षकाने साथ दिली, त्यांची नावेही त्यांनी कृतज्ञतेने घेतली. त्या आठवणीत प्रेम आणि संताप एकत्र होते, आणि दोहोंपैकी एकही दुसऱ्यासाठी मागे सारला गेला नाही.

खेळ बदलतच राहणार. २०२३ मध्ये पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, घड्याळ बसवले गेले. घड्याळ नसलेला खेळ म्हणून बेसबॉलचे गोडवे गाणाऱ्यांना ते पाखंड वाटले. आदल्या वर्षी तीन तासांहून लांबलेला सरासरी सामना दोन तास चाळीस मिनिटांवर आला, म्हणजे १९८० च्या दशकाच्या मध्यावर होता तेथे. जुनी लय नव्या यंत्राने परत आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये पंचाच्या निर्णयावर यंत्राकडे दाद मागण्याची सोय २०२६ च्या मोसमापासून करण्याचेही ठरले. यावरही कोणी तरी मृत्युलेख लिहील, आणि तीस वर्षांनी कोणी तरी याच मोसमांसाठी हळहळेल. त्या हळहळीला हसण्याचे कारण नाही. तिच्यापुढे नोंदवही उघडी ठेवावी, आणि त्या मैदानात तेव्हा कोणाला प्रवेश नव्हता एवढे विचारावे.