जर्मन हेल्मेटची कुंडली

घोडपदेवच्या माणसाला भंगाराचं फारसं कौतुक नसतं. रे रोड ओलांडला की दारूखाना, म्हणजे जहाजं तोडायची जागा. आपली 'विक्रांत' २०१४ साली इथेच तुटली. पुढे २०१६ मध्ये बजाजने तिचं पोलाद वापरून 'व्ही' नावाची मोटरसायकल काढली. आता त्या गाडीकडे नुसतं बघून विक्रांत दिसणार नाही. लोखंड वितळलं की त्याचा इतिहास फक्त कागदावर उरतो.

जर्मन सैनिकी हेल्मेटचं मात्र उलट आहे. ते आपली कुंडली अंगावर घेऊन फिरतं. चोरबाजारात किंवा ऑनलाईन विकणारा जी स्टोरी सांगतो ती बाजूला ठेवायची आणि पत्रा वाचायचा, एवढाच या छंदाचा मूलमंत्र.

मराठी माणसाचा या टोपाशी काय संबंध, असं विचाराल. तर दुसऱ्या महायुद्धात पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात एकटे मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले. गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दांड्याने लढले आणि तिथेच पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना वाचवून शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या घरात पणजोबांच्या ट्रंकेत असा टोप निघाला, तर ते अशक्य नाही.

आता मुद्द्यावर येऊ. सॉफ्टवेअरवाल्यांना सोपं जावं म्हणून व्हर्जननुसार सांगतो.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला जर्मन सैनिक चामड्याचा, वर टोक असलेला टोप घालत. तोफगोळ्यांच्या किरचांपुढे तो निरुपयोगी ठरला. मग हॅनोव्हरच्या तंत्रशाळेतले फ्रीडरिख श्वेर्ड यांनी पोलादी टोप तयार केला. तो एम १९१६. ओळखायची खूण म्हणजे दोन्ही कानशिलांवर बाहेर आलेले दोन ठोंब. १९३५ साली आलेला एम ३५ आकाराने लहान. त्याच्या हवेच्या भोकात वेगळी कडी बसवलेली आणि कड आत वळवलेली असते. एम ४० मध्ये ते भोक पत्र्यातच उठवलेलं, म्हणजे एक पार्ट कमी. १९४२ मध्ये कड वळवणंसुद्धा बंद झालं, पत्र्याची धार तशीच बाहेर काढलेली. युद्ध जसं अंगावर येत गेलं तसा कारखान्याने एकेक टप्पा गाळला. नुसत्या कडेवर बोट फिरवलं तरी हे कळतं.

नंतर आत बघायचं. डावीकडे किंवा मागे कारखान्याची अक्षरं आणि मापाचा आकडा ठोकलेला असतो. ईटी म्हणजे थालेचा कारखाना, क्यू म्हणजे एस्लिंगेनचा क्विस्ट. ६४ नंबरच्या टोपात ५६ किंवा ५७ सेंटिमीटर डोक्याचं अस्तर बसतं, आणि अस्तराच्या पट्टीवरही हे आकडे असतात. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर चेकसम फेल. टोप खरा असेलही, पण अस्तर नक्की दुसऱ्याचं.

सगळ्यात जास्त लबाडी बाहेरच्या चिन्हांत होते. लष्कराच्या टोपावर एका बाजूला गरुड आणि दुसऱ्या बाजूला काळी-पांढरी-लाल ढाल असे. ढाल काढून टाकायचा हुकूम १९४० मध्ये निघाला, १९४३ मध्ये गरुडही बंद झाला. त्यामुळे एम ४२ वर लष्कराची तिरंगी ढाल दिसली की टाईमस्टॅम्पच चुकतोय, शंका घ्यायचीच. एसएसच्या चिन्हाला बाजारात भाव जास्त, म्हणून नकलाही त्याच्याच जास्त. इथे एक साधी तपासणी कामाला येते. जुना ओरखडा चिन्हाला कापून जायला हवा. चिन्ह ओरखड्यावरून सपाट गेलं असेल तर ते नंतर चिकटवलंय.

अतिनील दिवाही वापरतात. युद्धानंतरचे बरेचसे कृत्रिम धागे आणि काही रंग त्याखाली चमकतात. चमकलं तर संशय पक्का. नाही चमकलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण नक्कल करणाऱ्याकडेही तोच दिवा असतो :-)

आणि जर्मन घाटाचा प्रत्येक टोप जर्मन नसतो. हंगेरीचा एम ३८ जवळजवळ तसाच, फक्त त्याला मागे एक चौकोनी कडी असते. स्पेननेही तसेच टोप बनवले.

आता खरी काळजीची गोष्ट. ट्रंकेतल्या त्या टोपावर ना ठसठशीत चिन्ह, ना चकाकी. मग कुणीतरी सुचवतं की तारेचा ब्रश मारा, रंग द्या, वर एसएसचं चिन्ह लावा, चौपट पैसे येतील. तसं केलं की कारखान्याचा रंग गेला, ओरखडे गेले, आणि इटलीत गेलेल्या एका मराठा शिपायाचा घरातला एकमेव पुरावाही गेला. शिल्लक राहते ती एक चांगली नक्कल. त्यापेक्षा टोप कोरडा ठेवा, आहे तसे फोटो काढा आणि सोबत पणजोबांचं डिस्चार्ज बुक, मेडल, पत्रं जे असेल ते जपा. भारतीय सैनिकांना मिळालेल्या 'इटली स्टार'वर बऱ्याचदा नंबर आणि नाव सापडतं. टोप कुठे बनला ते टोप सांगेल. तो आपल्या घरी कसा आला, हे मात्र या कागदांशिवाय कळणार नाही.

जाता जाता कायद्याचं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९१६ चा टोप त्यात आलाच. एम ३५ ला अजून २०३५ पर्यंत वेळ आहे. तोवर त्याला निदान ब्रश तरी लावू नका.