पस्तिशीपलीकडची शाळा

मनमाडचं घड्याळ रेल्वेने लावलं. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ थळ घाट चढून नाशिकमार्गे भुसावळकडे निघाले. १८७८ मध्ये दौंडहून आलेला फाटा इथे येऊन मिळाला आणि १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखातली मीटरगेज गाडीही इथेच टेकू लागली. जंक्शन झालं, पुलांचे गर्डर घडवणारा कारखाना आला. रुंद रुळांच्या डब्यातला माल उतरवून अरुंद रुळांच्या डब्यात भरणारे हमाल आले. तेव्हापासून गावाचा दिवस सूर्यापेक्षा ड्यूटीवर जास्त चालला. कुणाची रातपाळी, कुणाची दिवसपाळी, कुणाची ‘रेस्ट’.

रेल्वेने आणखी एक गोष्ट दिली. शेतकऱ्याच्या आयुष्यात नसलेली एक तारीख. केंद्र सरकारच्या नोकरीत ती १९६२ पासून ५८ व्या वर्षी येऊ लागली, १९९८ पासून ६० व्या. त्या महिन्याच्या अखेरीस हारतुरे होतात, घरी मिरवत नेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस सवयीने डबा शोधत उठतो. डबा नसतो. मनमाडसारख्या गावात अशी रिकामी सकाळ एकाच गल्लीत दहा घरांत उगवते. पुढची वीस-पंचवीस वर्षं करायचं काय, हा प्रश्न आज ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकींत चघळला जातो. पण म्हातारपणी शिकणं ही काही पेन्शनीने आणलेली गोष्ट नाही. ते आधीपासून चालू होतं. फक्त त्याची हजेरी कुणी घेत नव्हतं.

चातुर्मासात देवळात नाहीतर वाड्याच्या ओसरीवर पोथी लागायची. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे तर घरोघरचे ग्रंथ. वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास. त्यांत साठी ओलांडलेल्या बाया सगळ्यांत पुढे, गुडघे पोटाशी घेऊन, हातात वाती वळत. अक्षराची ओळख नसलेल्या आजीला ओवीचा पुढचा चरण आधीच पाठ असायचा आणि वाचणारा अडखळला की तीच त्याला सावरायची. मनमाडहून भुसावळकडे गाडी निघाली की खानदेश लागतो. तिथल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, ती पुस्तकरूपाने आली तेव्हा मराठी साहित्याला जाग आली. कानाने किती शिकता येतं याचा यापेक्षा मोठा दाखला शोधायची गरज नाही.

शहरांत या श्रवणाला व्याख्यानमालेचं रूप आलं. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, नाशिकची १९२२ मध्ये. गोदाकाठी देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर, भर मे महिन्यात, संध्याकाळी. पुढच्या खुर्च्या मिळाव्यात म्हणून लवकर येऊन बसणारे श्रोते बहुतेक पिकल्या केसांचे. वक्ता कितीही मोठा असो, शेवटी प्रश्न विचारायला उठणारे आजोबा प्रश्नाऐवजी स्वतःच एक व्याख्यान देतात, ही परंपराही व्याख्यानमालेइतकीच जुनी असावी.

अक्षराची गोष्ट वेगळी. ती बाईच्या आणि कष्टकऱ्याच्या वाट्याला उशिरा आली, आणि आली तीही रात्री. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा उघडली. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने १९०९ पासून पुण्यात लग्न झालेल्या, संसारात बुडालेल्या आणि विधवा बायकांना पुन्हा पाटीपुढे बसवलं.

नाशिक जिल्ह्यापुरतं बोलायचं तर लक्ष्मीबाई टिळकांपाशी थांबावंच लागतं. नाशिकजवळच्या जलालपूरचा १८६८ चा जन्म. सोवळ्याओवळ्याच्या विलक्षण कडक घरात बालपण गेलं आणि शाळेचं तोंड पाहिलं नाही. लहानपणीच लग्न होऊन त्या कवी नारायण वामन टिळकांच्या संसारात आल्या. नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, तीही धड नाही. कधी उत्साह तर कधी चिडचिड. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. पहिले थोडे अध्याय तेवढे झालेले. उरलेलं काव्य लक्ष्मीबाईंनी पन्नाशी उलटल्यावर लिहायला घेतलं आणि तडीस नेलं. मग ‘स्मृतिचित्रे’. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये पुस्तकरूपाने आला तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी त्या गेल्या. मराठीतलं बहुधा सर्वांत जिवंत आत्मचरित्र अशा बाईने लिहिलं, जिची कोणत्याही साक्षरता मोहिमेने ‘लाभार्थी’ म्हणून नोंद केली नसती. एक तर वय बसत नव्हतं, दुसरं म्हणजे मोहीमच नव्हती.

मोहीम आली ती १९३७ नंतर, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात. मुंबईच्या चाळींच्या गॅलऱ्यांत कंदील टांगून प्रौढांचे वर्ग भरू लागले. नेमक्या त्याच काळात, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला, मनमाडमध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही त्यांची प्रसिद्ध मांडणी याच गावात झाली. त्या भाषणातला एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, असं बाबासाहेबांनी दाखवलं. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातली कामंही करावी लागतात आणि स्टेशनमास्तर सवर्ण असतो. म्हणजे अडसर अक्षराचा नव्हता, उंबऱ्याचा होता. प्रौढशिक्षणाचे फलक लावणाऱ्यांना हे मनमाडला येऊन ऐकता आलं असतं. ज्याला शिकूनही वरची जागा मिळणार नाही, त्याने पाळी संपल्यावर पाटी का धरावी?

तरी लोकांनी धरली, हे विशेष.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने एक खरोखर नामी प्रयोग केला. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर गेली. शाळेचा मास्तर, शाळेचीच खोली, गावकऱ्यांचंच तेल. वेगळा पैसा जवळजवळ नाही. अख्खं गाव साक्षर झालं की ‘ग्रामगौरव समारंभ’. मिरवणूक निघायची, निरक्षरता पुन्हा गावात येऊ देणार नाही अशी शपथ घेतली जायची. लग्नघरासारखी गडबड. पण ‘अख्खं गाव’ म्हणजे १४ ते ५० वयाचं गाव. पन्नाशीच्या पुढचे लोक मिरवणुकीत चालले असतील, मोजणीत मात्र नव्हते.

पुढे रेघ आणखी अलीकडे सरकली. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, वयोगट १५ ते ३५. ५ मे १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता अभियान आलं, वयोगट तोच. तर्क सरळ होता: पैसा थोडा, निरक्षर कोट्यवधी, तेव्हा ज्यांच्या हातून अजून काम व्हायचं आहे त्यांना आधी. हिशेब म्हणून ठीकच. पण ‘प्रौढ’ शिक्षणाच्या पंगतीत छत्तिसाव्या वर्षी पान मांडलं जाऊ नये, यात थोडी गंमत आणि थोडी निष्ठुरता आहे. सरकारचं शिक्षण माणसाला कामाला लावण्यासाठी होतं; ज्याचं काम संपलं किंवा संपत आलं, त्याला पुस्तक कशाला, असा त्याचा अर्थ होत होता.

युरोपात हाच प्रश्न उलट्या टोकाने आला. फ्रान्समध्ये तुलूझ इथे १९७३ मध्ये पिएर व्हेला यांनी निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ काढलं. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते इंग्लंडमध्ये पोहोचलं तेव्हा केंब्रिजच्या मंडळींनी त्यातले प्राध्यापक काढून टाकले. ज्याला जे येतं त्याने ते इतरांना शिकवावं. परीक्षा नाही, पदवी नाही. ही कल्पना तिकडे नवी ठरली. इकडे भजनी मंडळ दुसरं काय करत होतं? पेटी येणाऱ्याने पेटी शिकवायची, टाळ धरता येत नाही त्याला शेजारचा कोपराने ताल देतो, नवा अभंग आला की वहीत उतरवून घ्यायचा. महिला मंडळाची भिशी आणि भरतकाम एकाच दुपारी उरकायचं. संघटित रूप यायला मात्र वेळ लागला. ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ ‘फेसकॉम’ १९८० चा. त्यानंतर संघ, विरंगुळा केंद्र, पहाटेच्या बागेतली योगासनं हे सगळं शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत झिरपलं. १९९५ मध्ये मुंबईच्या बागेत डॉ. मदन कटारियांनी पाच जणांना घेऊन हास्यक्लब काढला. ठरवून हसायलाही वर्ग लागतो, याची लोकांना आधी गंमत आणि मग सवय झाली.

छंदाचा जरा पक्का रस्ता संगीताने दिला. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं घराण्याच्या माजघरातून वर्गात आणलं. नाशिकशी त्यांचा जवळचा संबंध होता. रामनाम आधाराश्रम त्यांनी इथेच स्थापला. त्यांच्या मागे १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं आणि प्रारंभिक ते विशारद अशी परीक्षांची शिडी गावोगाव पोहोचली. या शिडीला वरच्या वयाची अट नाही. त्यामुळे परीक्षेच्या बाकावर दहा वर्षांची मुलगी आणि तिच्या आजोबांच्या वयाचा गृहस्थ शेजारी बसू शकतात. घाम आजोबांना जास्त फुटतो.

पदवीची दारं उघडली तीही नाशिकमध्येच. १ जुलै १९८९ ला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले. घोषवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. त्यातला खरा कळीचा भाग म्हणजे पूर्वतयारी अभ्यासक्रम. दहावी-बारावी झालेली नसली तरी त्या वाटेने पदवीला जाता येऊ लागलं. ज्या गावात मॅट्रिक राहिलं म्हणून खलाशाचा खलाशीच राहिलेला माणूस प्रत्येक आळीत सापडतो, तिथे हे किती मोठं होतं हे सांगायला नको.

मनमाडकरांच्या वाचनाचं एक ठिकाण तर चालतं आहे. १९७५ मध्ये सुरू झालेली पंचवटी एक्सप्रेस पहाटे मनमाडहून निघते आणि सुमारे २६० किलोमीटरवरच्या मुंबईला कचेरीच्या वेळेला पोहोचते. पासधारकांचं अर्धं आयुष्य याच डब्यांत जातं: भजन, पत्ते, वाढदिवस, डुलकी. १५ ऑक्टोबर २०१८ ला, वाचन प्रेरणा दिनी, राज्य सरकारने डेक्कन क्वीन आणि पंचवटी या दोन गाड्यांत फिरतं वाचनालय सुरू केलं. निवृत्तीनंतर वाचू, असं म्हणणाऱ्यांना निदान सबब उरली नाही.

पण वयाची रेघ सगळ्यांत ठळकपणे पुसली ती एका लहानशा गावाने. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं फांगणे. २०१६ च्या शिवजयंतीला गावात शिवचरित्राचं वाचन चाललं होतं. ऐकायला बसलेल्या आज्या म्हणाल्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते कानाआड केलं नाही. ८ मार्च २०१६ ला मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने ‘आजीबाईंची शाळा’ भरली. साठ ते नव्वद वर्षांच्या विद्यार्थिनी, गणवेश गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर, दप्तरात पाटी-पेन्सिल. वेळ दुपारची, घरकाम आणि शेतकाम उरकल्यावरची. गृहपाठ घ्यायला नातवंडं. नोकरी मिळेल, बढती मिळेल असं कोणतंही आमिष नाही. सही करायची होती आणि पोथी स्वतः वाचायची होती, एवढंच. शंभर वर्षं जी ऐकत होती, ती ओसरीवरची आजी अखेर पोथीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

अलीकडे निवृत्तांना वर्गात ओढणारी गोष्ट मात्र पोथी नाही, मोबाइल आहे. पेन्शन चालू राहायची तर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ने यंत्रावर देता येऊ लागला आणि यंत्राने मागितला अंगठा. साक्षरता मोहिमांनी ऐंशी वर्षं ज्या अंगठ्याशी लढा दिला, तोच पुरावा म्हणून परत आला. त्यातही जन्मभर लोखंड, ग्रीस आणि हातोडा हाताळलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्र लाल दिवा दाखवतं, माणूस बोट पुसून पुन्हा टेकवतो, पुन्हा लाल. समोर जिवंत उभा असलेला फिटर यंत्राच्या मते नसतोच. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आली. मग ॲप कसं उतरवायचं, पापणी कधी मिटायची, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, याचे धडे सुरू झाले. आधी एमएस-सीआयटीच्या वर्गात नातवाच्या वयाच्या मुलांबरोबर बसलेले काही जण इथे एकदम मास्तर झाले.

सरकारी रेघही शेवटी हलली. २०२२ ते २०२७ साठीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजे ‘उल्लास’मध्ये, वयोगट लिहिला आहे १५ वर्षं आणि पुढे. पुढे किती, ते लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात त्याची पहिली मोठी परीक्षा १७ मार्च २०२४ ला, रविवारी झाली. वाचन ५० गुण, लेखन ५० गुण, संख्याज्ञान ५० गुण. पेपर तीन तासांचा, पण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात परीक्षार्थीने आपल्या सोयीने यावं, असं ठरलं होतं. स्वयंपाक उरकून या, गुरं बांधून या, पाणी भरून या. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या मनमाडला ही शेवटची सवलत सगळ्यांत आधी समजली असेल.