शाहनवाज खान : खटल्यानंतरची वर्षे

आझाद हिंद फौजेचा धडा शिकवताना सहगल, धिल्लन, शाहनवाज ही तीन नावे आपण एका दमात घेतो. लाल किल्ल्यातला खटला संपला की धडाही संपतो. मला मात्र वर्गात जनरल शाहनवाज खान यांच्याविषयी सांगावेसे वाटते ते त्यानंतरचे.

जन्म १९१४ चा, रावळपिंडी जिल्ह्यातल्या मटोर गावचा. घराणे फौजी. इंग्रजांच्या सैन्यात जाणे ही त्या मुलखाची रीतच होती. १९४२ मध्ये सिंगापूर पडले, शाहनवाज युद्धकैदी झाले आणि पुढे नेताजींच्या फौजेत सुभाष ब्रिगेडचे प्रमुख. ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या डोंगरांत त्यांच्या जवानांना गोळीइतकेच भुकेने आणि हिवतापाने मारले. नोव्हेंबर १९४५ मध्ये खटला उभा राहिला. मुंबईचे नामांकित वकील भुलाभाई देसाई यांनी तिघांची बाजू मांडली. जन्मठेप झाली, पण देशभर इतका असंतोष उसळला की जानेवारी १९४६ मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी ती माफ केली.

सत्कार आणि हारतुरे घेत राहिले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण १९४६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिहार पेटले. मुसलमानांची गावेच्या गावे उठली. मार्च १९४७ मध्ये गांधीजी पाटण्याला आले, तेव्हा शाहनवाज त्यांच्यासोबत कामाला लागले. काम होते मसौढी भागातल्या निर्वासितांना पुन्हा त्यांच्या गावी नेऊन बसवायचे. हे बोलायला सोपे. घर जळालेले, शेजारी तेच, आणि "परत चला" असे सांगणारा माणूस परमुलखातला.

त्याच महिन्यात त्यांच्या स्वतःच्या रावळपिंडी जिल्ह्यात शीख आणि हिंदूंच्या कत्तली चालू होत्या. थोहा खालसा, जिथे शीख स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या, ते त्यांच्याच कहुटा तहसिलातले गाव. म्हणजे बिहारात ते मुसलमानांना गावी परत आणत होते आणि त्यांच्या मटोरच्या आसपासचे बिगरमुस्लिम गाव सोडून जात होते. दंगलीची आठवण निघाली की जो तो आपल्याच मेलेल्यांची यादी वाचतो, आपणही वाचतो. शाहनवाज यांना ती सोय नव्हती.

मटोर पाकिस्तानात गेले. शाहनवाज भारतात राहिले, घरचे बरेच जण तिकडेच राहिले. त्यांचे गुणगान करणारे हे वाक्य घाईने ओलांडतात. एका माणसाच्या निर्णयाची किंमत त्याचे सगळे घर मोजते, आणि ज्यांनी मोजली त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात येत नाहीत.

पुढे मेरठने त्यांना चार वेळा लोकसभेवर पाठवले. रेल्वे खात्याचे उपमंत्रिपद मिळाले. १९५६ मध्ये नेताजींच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या अहवालावरून आजही वाद होतात आणि त्यांचे नाव निघते ते बहुधा तेवढ्यापुरतेच. मसौढीचे नाव कोणी काढत नाही.

१९८३ मध्ये ते दिल्लीत वारले. त्यांची कबर जामा मशीद आणि लाल किल्ल्याच्या मधल्या भागात आहे.