अपुऱ्या दिवसांचा हिशेब

दिवाळी आली की आमच्या भोरमध्ये घरोघरी मातीचे किल्ले उभे राहतात. गेल्या दिवाळीत माझ्या वर्गातला एक मुलगा आपला किल्ला दाखवायला मला हाताला धरून घेऊन गेला. मुलगा मूळचा वेल्ह्याच्या डोंगरातला. शाळेसाठी आजीपाशी राहतो. त्याने राजगड केला होता. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या जागच्या जागी होत्या. पण माच्यांवर खोचलेल्या चिठ्ठ्यांतली अक्षरे पाहिली आणि मी सवयीने म्हणालो, "अरे, किल्ला असा आणि अक्षर हे असे? आळस, दुसरे काय!"

आजी चुलीपासून उठून दारात आली. "गुरुजी, रागवू नगा त्याला. सातव्या म्हैन्याचं प्वार हाय ते. किलोभर सुदिक नव्हतं. पुण्याला दोन म्हैने काचंच्या पेटीत होतं."

वर्षभर मी त्या पोराला आळशी म्हणत आलो होतो. दोनदा वर्गाबाहेर उभे केले होते. त्या दिवशी पुढ्यात आलेली करंजी माझ्या घशाखाली उतरेना.

मी डॉक्टर नव्हे; कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर. पण एखादी गोष्ट मनाला लागली की तिचा इतिहास शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा इतिहास मी असाच शोधू लागलो.

आमच्या मुलखात नाजूक जिवाला जगवण्याची आठवण निघाली की पहिले नाव येते कापूरहोळच्या धाराऊचे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती तोळामासा. पुढे १६५९ साली राजगडावर त्यांनी देह ठेवला. तेव्हा बाळराजांना दूध पाजले ते या धाराऊने. भोरकडे वळणाऱ्या फाट्यावर कापूरहोळ आजही आहे. त्या काळी तान्ह्या जिवाचे औषध म्हणजे दूध, ऊब आणि कुणाची तरी जागती मांडी. पण दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाचे मरण बहुधा श्वासात असे. त्याची फुप्फुसे पिकलेलीच नसत. त्यावर कुणाकडेच इलाज नव्हता.

तो इलाज सापडला मेंढ्यांच्या कळपात. आमच्या धनगरवाड्यांना नवल वाटेल अशीच ही हकिकत आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात लिगिन्स नावाचे डॉक्टर प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात याचा शोध मेंढ्यांवर घेत होते. स्टेरॉइड जातीचे औषध दिल्यावर वेळेच्या फार आधी जन्मलेली कोकरे खरे तर जगायची नाहीत. पण ती श्वास घेत राहिली! १९६९ साली त्यांनी हे जगापुढे मांडले. मग हॉवी या सहकाऱ्यासह त्यांनी २८२ मातांवर प्रयोग केला आणि १९७२ साली त्याचा निकाल छापला. प्रसूतीपूर्वी आईला इंजेक्शन दिले, तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात आणि मृत्यू कमी होतात. याहून मोलाची गोष्ट अशी, की तिथल्या लोकांनी ती मुले विसरू दिली नाहीत. तिशीला आल्यावर त्यांची पुन्हा तपासणी केली. औषध मिळालेल्यांची बुद्धी न मिळालेल्यांपेक्षा कुठेही उणी नव्हती.

आता मनुष्यस्वभाव पाहा. आईला देऊन गुण येतो, तर थेट बाळालाच का देऊ नये? तैवानात जन्मानंतर बारा तासांच्या आत हे औषध सुरू करण्यात आले. हेतू असा, की फुप्फुसांचा जुनाट विकार होऊच नये. विकार खरोखर कमी झाला. पण तीच मुले आठ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा ती उंचीने कमी, हातापायांच्या कौशल्यात मागे आणि बुद्ध्यंकातही खाली आढळली. २००४ साली हा निकाल छापून आला. छातीने कमावलेले मेंदूने गमावले होते! आज तान्ह्या बाळाला हे औषध फार जपून देतात.

याच्या उलट गोष्ट कॅफीनची. होय, आपल्या चहाकॉफीतलेच ते. फार लवकर जन्मलेले बाळ श्वास घ्यायचे मध्येच विसरते. कॅफीन त्याला आठवण करून देते. कॅनडातल्या बार्बरा श्मिट यांनी नऊ देशांतल्या २००६ बाळांवर त्याची कसोटी घेतली. ही बाळे ५०० ते १२५० ग्रॅम वजनाची होती. दीड-पावणेदोन वर्षांच्या वयात सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे येणारे हातापायांचे अपंगत्व, औषध न मिळालेल्यांत शंभरात सातांना होते, मिळालेल्यांत चारांना. मुले अकरा वर्षांची झाली तेव्हाही हालचालींचे दोष कॅफीनवाल्यांत कमीच होते. श्वासासाठी दिलेले औषध हातापायांच्याही कामी आले होते.

तेव्हा औषध कसे ठरले, हे पहिल्या रात्री कळत नाही. ते आठव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी, म्हणजे आम्हा मास्तरांच्या वर्गात कळते.

आणि औषध कुठे देतात, यावरही पुष्कळ अवलंबून असते. २०१४ साली केंद्र सरकारने आरोग्यसेविकांना आईच्या इंजेक्शनचा पहिला डोस देऊन तिला मोठ्या दवाखान्यात धाडण्याची मुभा दिली. वेल्ह्यासारख्या डोंगरी मुलखाला हे वरदानच वाटावे. पण पुढच्याच वर्षी सहा देशांतल्या खेड्यापाड्यांतल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. आपले नागपूर आणि बेळगाव हे भागही त्यात होते. तिथे अगदी लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि सगळी बाळे मिळून पाहता मृत्यू थोडे वाढलेच. दिवस नेमके मोजता न आल्याने पुऱ्या दिवसांच्या पुष्कळ बायांनाही औषध मिळाले होते. २०२० साली मात्र भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत सोनोग्राफीने दिवस मोजून, पुढची निगा राखून तेच औषध दिले, तेव्हा बाळे वाचली. सुई तीच, पण मागे दिवसांची मोजणी हवी, ऊब हवी, जागती माणसे हवीत. धाराऊची मांडी काही सुटत नाही!

एक शोध आपल्या पुण्यातलाही आहे. तिथल्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेली, दोन किलोंहून कमी वजनाची बाळे थेट अठराव्या वर्षापर्यंत पाहिली. पुष्कळांची बुद्धी सर्वसाधारण होती; पण डोळा आणि हात यांचा मेळ कमी पडे, आणि लेखन व गणित अवघड जाई. आणखी एक गोष्ट दिसली. आईचे शिक्षण आणि घरची परिस्थिती यांचाही मुलाच्या प्रगतीवर मोठा परिणाम होतो.

लेखन अवघड जाई! ते वाचले आणि मी पुस्तक मिटले.

दिवाळीनंतर शाळा उघडली. मी त्या मुलाला पहिल्या बाकावर घेतले. जाड पेन्सिल दिली, मोठ्या रेघांची वही दिली, उत्तरपत्रिकेला वेळ वाढवून दिला. अक्षर अजूनही सुंदर नाही. पण परवा त्याने राजगडावर पानभर निबंध लिहिला आणि मला तो अडखळल्याशिवाय वाचता आला.

यंदाही तो किल्ला करणार आहे. या खेपेला तोरणा! चिठ्ठ्या तोच लिहील. आणि मी किल्ला पाहायला जाईन, तेव्हा त्याच्या आजीची करंजी मागून खाईन.