नीरा-भीमेमधील मेंढवाडे व त्यांची वर्षअखेर

व्यापाऱ्याचें वर्ष दिवाळीच्या पाडव्यास पालटतें, पंचांगाचें चैत्रांत. परंतु बारामती व इंदापूर या तालुक्यांतील माळांवर शेंकडों वर्षें मेंढरें राखीत आलेल्या धनगराचें वर्ष केव्हां संपतें, हा प्रश्न आमच्या इतिहासलेखकांनीं क्वचितच विचारला आहे. आमच्या मतें त्याचें उत्तर पंचांगांत नसून गवतांत आहे. माळावरील कुसळी वाळून पिवळी पडली, ओढ्याचें पाणी तुटलें, म्हणजे धनगराचें एक वर्ष पुरें झालें.

या प्रदेशाच्या उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा. इंदापूर तालुक्याच्या टोंकाशीं नरसिंहपूर येथें दोघींचा संगम होतो. दोन नद्या असूनहि मधला मुलूख कोरडाच, कारण सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाचें उरलेंसुरलें तेवढेंच येथवर पोहोंचतें. पावसाळ्यांत कोंकणच्या चिखलानें मेंढराचे खूर कुजतात, म्हणून त्या दिवसांत हा कोरडा माळच त्यास मानवतो. उलट दिवाळीनंतर येथील चारा सरतो आणि त्याच सुमारास घाटाखालचीं भातखाचरें कापून मोकळीं होतात. पुष्कळ वाडे अशा वेळीं पश्चिमेची वाट धरीत; कांहीं भोरवरून वरंधा घाटानें महाडकडे उतरत.

निघण्यापूर्वींचीं कामें हीच खरी वर्षअखेर. प्रथम लोकर कातरावयाची. दख्खनी मेंढीची काळी, राठ लोकर सनगराकडे जाई. तो तिच्या सुताला चिंचोक्यांची खळ देऊन घोंगडी विणी. हिवाळ्याच्या रात्रीं अंथरूण, पांघरूण व पावसांत छत्री, हीं तिन्ही कामें एकच घोंगडी करी. मग कळपाची मोजदाद. गाभण मेंढ्या कोणत्या, वाट न झेपणारीं म्हातारीं जनावरें कोणतीं, बाजारांत कोणतीं न्यावयाचीं, घरीं वृद्धांजवळ कोणीं राहावयाचें, हें सारें ठरे. कागद नाहीं, शाई नाहीं. पण शेंकडों मेंढरांतून आपलें एक हरवलें तर राखणाऱ्याच्या तें तत्काळ ध्यानांत येई. संसार तट्टावर चढे. वाटेंत जन्मलेलें कोंकरूहि त्याच पाठीवर बसून पुढें जाई.

वाडा हलविणें हें मुख्यतः बायकांचें काम होतें, हें आम्हीं आवर्जून सांगूं. पुरुष मेंढरांमागें रानांत गेला म्हणजे बिऱ्हाड बांधणें, नवा तळ लावणें, पाणी शोधणें, कोंकरें सांभाळणें व भाकरी थापणें त्यांच्याच माथीं. रात्रीं शेतांत वाघर लावून मेंढरें कोंडीत, आणि लांडग्याच्या भयानें कुत्र्यांसह एक माणूस जागत बसे. मेंढरें बसलीं कीं लेंडी व मूत यांनीं शेत खतावे आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देई. म्हणजे धनगर कोणाच्या शेतांत फुकट चरत नव्हता. तो गांवोगांव सुपीकता विकीत हिंडत होता.

आमच्या लिखित इतिहासांत या जीवनाचें प्रतिबिंब किती? पेशवाईच्या करांत शिंगशिंगोटी नांवाची जनावरांवरील पट्टी आढळते. म्हणजे सरकारनें शिंगें मोजलीं, राखणारे नाहींत. निरेकांठच्या होळ गांवावरून नांव मिळालेले मल्हारराव होळकर याच समाजांतले. पण ते इतिहासांत आले तरवारीमुळें, काठीमुळें नव्हे. बारामतीस मोरोपंतांनीं (१७२९-१७९४) आर्या रचल्या, त्या पोथ्यांतून टिकल्या. गांवाबाहेरच्या माळावर धनगर रात्रभर ओव्या गात, त्या मात्र वाऱ्यावर राहिल्या. खंडोबा बाणाईसाठीं धनगराच्या घरीं चाकरीस राहिला ही त्यांची कथा जेजुरीच्या परिसरांत सर्वांस ठाऊक आहे. परंतु अशा ओव्या परिश्रमपूर्वक टिपून घेण्यास गुंथर सोंथायमर (१९३४-१९९२) हे जर्मन पंडित यावे लागले, ही गोष्ट आम्हांस भूषणावह नाहीं.

१८७६-७८ च्या दुष्काळानें या भागाचें दैन्य सरकारच्या नजरेस आणलें, आणि १८८५ सालीं नीरा डावा कालवा वाहूं लागला. पुढें ऊंस आला; १९३० च्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. ज्या मुलखांत माणसें अन्नावांचून मेलीं तेथें पाणी आलें, याची धन्यता कोण नाकारील? परंतु कालव्याखालीं गेलेली जमीन दप्तरांत ‘पडीक’ असली तरी ती रिकामी नव्हती. ती कोणाची तरी चराई होती. इकडे माळ आखडले, तिकडे १८७८ च्या कायद्यानें राखीव झालेल्या जंगलांत चरण्यावर निर्बंध आले, आणि पुढें पोत्यांतून येणाऱ्या रासायनिक खतानें मेंढरांच्या खताची गरजहि कमी केली. वाडे आजहि निघतात. पण पूर्वींची पाऊलवाट आतां डांबरी रस्त्याच्या कडेनें जाते.

कालव्याचा जमाखर्च दप्तरांत सांपडतो. माळाचा सांपडत नाहीं. ज्यांना तो तोंडपाठ आहे अशीं वृद्ध माणसें या दोन तालुक्यांत अद्याप आहेत. पुढच्या कार्तिकांत एखादा वाडा दृष्टीस पडला, तर आमच्या वाचकांनीं रस्ता अडला म्हणून त्रासण्यापूर्वीं घटकाभर थांबावें आणि कोठून आलांत, कोठें निघालांत, एवढें तरी विचारावें, अशी आमची विनंती आहे.