दर पाऊण तासाला एक चित्र

ओहोटी लागली आहे. मोरा बंदरात गाळ उघडा पडला की लाँच बंद; भरती येईपर्यंत धक्क्यावर बसून राहायचं. तुमच्या पिशवीत जुन्या चादरीत गुंडाळलेला बाहुला आहे. आत तार, वर माती, डोळ्यांच्या जागी बेअरिंगच्या गोळ्या. तुमच्या सिनेमात माणसं केव्हाच संपलीत, बंदरावरच्या क्रेन मात्र कंटेनर उचलतायत, ठेवतायत. बाहुला पडद्यावरच्या एका सेकंदाला बारा वेळा हलवायचा, म्हणजे मिनिटाला ७२०. दोन वर्षांत चार मिनिटं झाली. निर्माते तुम्हीच, कर्जदारही तुम्हीच.

फिल टिपेटचं नाव घेऊन तुम्ही धीर धरता. त्यानं ‘मॅड गॉड’ हा बाहुल्यांचा सिनेमा १९९०च्या सुमारास हाती घेतला. मग ‘जुरासिक पार्क’चे डायनोसोर संगणकावर चालू लागले आणि त्यानं आपले बाहुले गुंडाळून ठेवले ते वीसेक वर्षं. सिनेमा लोकार्नोच्या महोत्सवात दिसला २०२१ साली. हा धीर म्हणायचा की धमकी, कोण जाणे.

पाणी चढतं, लाँच सुटते. आणि कुणीतरी रीळ उलटं फिरवायला घेतं. अटल सेतूचा एक गाळा नाहीसा होतो, मग दुसरा. झटक्याझटक्यानं, अगदी तुमच्याच बाहुल्यासारखा. २०२४ गेलं. न्हावा-शेव्याच्या क्रेन माना खाली घालून विरघळतात, १९८९ गेलं. डिझेलच्या वासाच्या जागी कोळशाचा धूर येतो. तुम्ही आगबोटीत उभे आहात.

१९१२. दादरचं मथुरा भवन. आत एक कुंडी, कुंडीत वाटाणा, समोर लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा. त्या लंडनवारीसाठी विम्याची पॉलिसी गहाण पडलीय. कॅमेऱ्यामागे बेचाळिशीचे धुंडिराज गोविंद फाळके. गेल्याच वर्षी सिनेमे पाहून पाहून, जागरणं करून त्यांची दृष्टी गेली होती, डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी ती परत आली. ते डोळे आता मातीतून काही वर येतंय का ते बघतायत.

रोज एक चित्र घेतलं, अशी गोष्ट आपण ऐकत आलो. गोड आहे, पण हिशेबात बसत नाही. महिनाभर रोज एक म्हणजे तीस चित्रं. तेव्हाच्या वेगानं, सेकंदाला सोळा धरली, तर दोन सेकंदांत खेळ आटोपला. ‘अंकुराची वाढ’ ही वाटाण्याची फिल्म तर मिनिटभराहून थोडी मोठी होती. निदान हजारेक चित्रं लागणार. दिवसाला तीसहून जास्त. रात्रीही काम चाललं असेल तर दर पाऊण तासाला उठायचं, एक चित्र घ्यायचं, पुन्हा पडायचं. रात्र सोडली तर दिवसा त्याहून घाईनं. बारा चित्रांत एक सेकंद मिळवणारे तुम्ही हे गणित मांडता आणि तुमचीच मान दुखू लागते.

बरं, हे सगळं कलेसाठी? छे. वाटाणा हा तारणाचा कागद होता. पडद्यावर रोप सरसर वाढताना पाहिलं तेव्हा यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे कर्ज द्यायला तयार झाले. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’च्या कच्च्या फिल्मला रात्री भोकं पाडायला सरस्वतीबाई बसल्या. ३ मे १९१३ला तो कोरोनेशन थिएटरमध्ये लागला, एवढं सगळ्यांना पाठ असतं. १९१५ साली याच माणसानं आगकाड्या नाचवल्या, ‘आगकाड्यांची मौज’, हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही. पहिल्या महायुद्धात पैसेवाल्यांनी हात आखडते घेतले होते. नटांपेक्षा काड्या स्वस्त. ते रीळ आज उरलेलं नाही.

पण इथे अजून काड्यांना तीन वर्षं आहेत. कुंडीत माती किंचित फुटलीय. तुम्ही वाकून पाहता आणि चपापता: तुमच्या उच्छ्वासानं कोंब हलला. फाळक्यांचा हात दांडीवर आहे. तुम्ही पिशवी छातीशी धरून एक पाऊल मागे सरता. श्वास रोखून धरता.