बनवाबनवीच्या आधीचे हसू

गणपतीच्या दिवसांत बडोद्यातल्या मराठी घरांतून एक चित्रपट हमखास लागतो, १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’. त्यातले संवाद शाळकरी मुलांनाही पाठ असतात. आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्याच्या बरोबर पन्नास वर्षे आधी, १९३८ साली, ‘ब्रह्मचारी’ने मराठी प्रेक्षकांना असेच मनमुराद हसवले होते. आणि या जुन्या विनोदी बोलपटांना कथा पुरवणाऱ्यांत एक लेखक चक्क आपल्या बडोद्याचे होते. दोन्ही गोष्टी आज फारशा कोणाच्या बोलण्यात येत नाहीत.

‘ब्रह्मचारी’ कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा. बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांनी १९३६ साली ही संस्था काढली. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन विनायकांचे आणि नायक औदुंबरही तेच. औदुंबर एका देशभक्ताचे व्याख्यान ऐकतो, नट्यांच्या तसबिरींना रजा देतो आणि ब्रह्मचर्याची शपथ घेतो. मग त्याच्या वाटेत किशोरी येते. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. गंमत आहे ती औदुंबर स्वतःची समजूत कशी घालतो हे पाहण्यात. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर यांनी यात पोहण्याचा पोशाख घातला, त्यावर त्या काळी मोठा गहजब झाला. लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले. वास्तविक चित्रपटाचा रोख निराळ्याच ठिकाणी होता. पुण्यात मुख्याध्यापकी केलेल्या अत्र्यांनी तरुण पोरे जवळून पाहिली होती. व्रताची हौस आणि वयाची ओढ यांची झटापट त्यांनी पडद्यावर मांडली. टोपी उडवली ती ब्रह्मचर्याच्या गाजावाजाची. त्या बिचाऱ्या पोराची नव्हे.

पुढच्याच वर्षी, १९३९ साली, अत्रे आणि विनायक यांनी ‘ब्रँडीची बाटली’ आणला. मुंबईत दारूबंदी लागू झाली तेच हे साल. म्युनिसिपालिटीतला भोळा कारकून बगाराम औषधापुरत्या ब्रँडीच्या शोधात निघतो, एवढ्याच धाग्यावर सारा चित्रपट उभा आहे. बगाराम झाले दामूअण्णा मालवणकर. त्यांच्या डोळ्यांतला तिरळेपणा दुसऱ्या एखाद्या नटाला आड आला असता. दामूअण्णांनी त्याचेच भांडवल केले.

आता आपल्या माणसाकडे येऊ. चिंतामण विनायक जोशी, म्हणजेच चिं. वि. जोशी, बडोद्याच्या महाविद्यालयात पाली शिकवत. संस्थानच्या दप्तरखान्याचे कामही त्यांनी पाहिले. दिवसा जातककथा आणि जुने कागद, आणि उरलेल्या वेळात चिमणराव व गुंड्याभाऊ! पुण्याच्या मध्यमवर्गीय बिऱ्हाडातला हा भित्रा, बढाईखोर, पण मनाने निर्मळ कारकून आणि त्याचा दांडगट मावसभाऊ महाराष्ट्रभर लाडके झाले, तेव्हा त्यांचा कर्ता बडोद्यात राहत होता. पुणेरी माणूस पुण्याबाहेरून अधिक स्पष्ट दिसला असावा, असे मला वाटते. आपण बृहन्महाराष्ट्रातली माणसे हे ओळखून आहोत. गाव सुटले की गावच्या लकबी जास्त ध्यानात येतात.

विनायकांनी चिं. विं.च्या कथांवर नवयुग चित्रपट या संस्थेसाठी दोन चित्रपट केले : १९४० साली ‘लग्न पहावं करून’ आणि १९४२ साली ‘सरकारी पाहुणे’. विष्णुपंत जोग चिमणराव आणि दामूअण्णा गुंड्याभाऊ. पहिल्याचे नाव घर बांधण्याच्या आणि लग्न करण्याच्या खटाटोपाविषयीच्या आपल्या जुन्या म्हणीतून उचललेले. दुसऱ्याविषयी एवढेच म्हणतो, की संस्थानात नोकरी केलेल्या लेखकाला सरकारी पाहुण्यांचा थाट कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घराघरांत नेली. त्या मालिकेच्या आठवणीत जोग-दामूअण्णांची जोडी मात्र झाकली गेली. विनायक १९४७ साली, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेले, आणि विनोदी बोलपटाचे ते पर्व संपले.

नंतरचा बहर पन्नाशीच्या दशकातला. १९५२ सालच्या ‘लाखाची गोष्ट’मध्ये मुलीचा श्रीमंत बाप तरुणांना अट घालतो : महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करून दाखवा. ज्यांना महिन्याची तोंडमिळवणी जमत नाही, त्यांना पैसा संपवणे जड जाते! राजा परांजपे यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांचे लेखन, सुधीर फडक्यांचे संगीत. यातले नायक राजा गोसावी पुण्याच्या एका थिएटरवर तिकिटे विकत असत, आणि आपल्याच चित्रपटाची तिकिटे त्यांनी खिडकीत बसून विकली, असे सांगतात.

पुढच्याच साली ‘गुळाचा गणपती’ आला. कथा, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका, सगळे पु. ल. देशपांड्यांचे. गावाने बावळट ठरवलेला नाऱ्या स्वप्नांत मात्र मोठमोठे पराक्रम करतो. चारचौघांत गप्प बसणारे एखादे मूल घरात असेल, तर त्याच्या शेजारी बसून हा चित्रपट पाहावा.

हे सगळे आज कशासाठी उकरून काढायचे? जुनी फिल्म चटकन पेट घेणारी असे. त्यात आणि हेळसांडीत कित्येक बोलपट कायमचे गेले. जे उरले ते पाहणाऱ्यांवाचून पडून आहेत. पण मला अधिक काळजी आहे ती आपल्या घरांची. आपली नातवंडे मराठी बोलतात, पण वाचतात गुजराती आणि इंग्रजी. कित्येक घरांत आरतीसुद्धा गुजराती लिपीत लिहून समोर ठेवावी लागते. त्यांच्या हाती ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ देऊन उपयोग नाही. त्यांना ते ऐकवावे लागेल, दाखवावे लागेल. भाषा कितपत आपली झाली, हे विनोदाला कळते. व्याकरण शिकवता येते, अर्थ सांगता येतो. पण मूल योग्य जागी आपणहून हसले, तरच भाषा त्याच्यात मुरली म्हणायची.

‘ब्रह्मचारी’, ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘गुळाचा गणपती’ हे तिन्ही चित्रपट आज घरबसल्या पाहता येतात. चित्र काळे-पांढरे आहे, आवाज थोडा खरखरतो, सुरुवात आजच्या मानाने संथ वाटेल. पहिली पंधरा मिनिटे धीर धरावा. आजी-आजोबांनी सोबत बसावे, मुले अडतील तिथे चित्रपट थांबवून शब्द सांगावा. रात्रीची आरती आणि प्रसाद झाला, की दहा दिवसांतल्या तीन रात्री यासाठी राखून ठेवायला काय हरकत आहे? ‘बनवाबनवी’ला उरलेल्या सात रात्री आहेतच.